चाळीस अंशांचा समुद्र : प्राचीन तापमानाचा दावा पायरीपायरीने कसा तपासावा

पंचवीस कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताजवळचा समुद्र चाळीस अंश सेल्सिअसपर्यंत तापला होता, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. ती वाचून निम्मे लोक 'बाप रे' म्हणतात आणि उरलेले विचारतात, 'तेव्हा थर्मामीटर कोणी धरला होता?' मला दुसरा गट आवडतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. फक्त ते एका वाक्यात मावत नाही.

हा आकडा मुख्यतः २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या यादोंग सुन आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून पसरला. दक्षिण चीनमधल्या दोन टन खडकातून कोनोडोंट या नामशेष समुद्री प्राण्यांचे सुमारे १५,००० सूक्ष्म दात काढून त्यांनी तो मांडला होता. तो किंवा तशा धाटणीचा कुठलाही दावा घरबसल्या कसा उलगडायचा, ते इथे लिहितो आहे. प्रयोगशाळा लागत नाही. निबंध, त्यासोबतचा आकड्यांचा तक्ता, कॅल्क्युलेटर आणि एक कोरा कागद पुरे.

पायरी १ : आधी कागदावर काळाची रेघ ओढा

गोंधळ बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. 'पर्मियनच्या शेवटी समुद्र तापला आणि जीव मेले' या वाक्यात तीन वेगळ्या घटना एकत्र कोंबलेल्या असतात. (पर्मियन हा पृथ्वीच्या इतिहासातला एक कालखंड, ट्रायासिक त्याच्या पुढचा.) बहुतेक समुद्री प्रजाती संपवणारा महाविनाश ही एक, त्याला लागून आलेला उष्णतेचा पहिला कळस ही दुसरी, आणि त्यानंतर वीसेक लाख वर्षांहून अधिक काळाने आलेला दुसरा कळस ही तिसरी.

रेघेवरचा पहिला खिळा ठोकायचा तो चीनच्या झेजियांग प्रांतातल्या मेइशानच्या खाणीत. पर्मियन आणि ट्रायासिक यांच्यामधली जागतिक सीमा २००१ साली तिथेच, २७-सी या थराच्या तळाशी अधिकृतपणे ठरली. हिंडेओडस पार्व्हस नावाचा कोनोडोंट तिथे पहिल्यांदा दिसतो, ही तिची खूण. तिथल्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे पट्टे आहेत आणि राखेत झिरकॉनचे बारीक स्फटिक. स्फटिकातल्या युरेनियमचं ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं, त्यावरून राख कधी पडली ते काढता येतं. २०१४ साली बर्जेस, बोरिंग आणि शेन यांनी दिलेल्या वयानुसार सीमा २५ कोटी १९ लाख वर्षांपूर्वीची आहे आणि महाविनाशाचा मुख्य टप्पा जेमतेम ६०,००० वर्षांत उरकला.

त्यापुढची सुमारे पन्नास लाख वर्षं म्हणजे पूर्व ट्रायासिक. तिचे चार तुकडे कागदावर क्रमाने मांडा: ग्रीसबाखियन, डीनेरियन, स्मिथियन, स्पाथियन. ही नावं पाठ करण्याचा कंटाळा येतो, मलाही यायचा. पण ती नसतील तर पुढचं काहीच जागेवर बसत नाही, कारण उष्णतेचा एक कळस ग्रीसबाखियनच्या शेवटी आहे, दुसरा स्मिथियनच्या शेवटी, आणि मधे डीनेरियनमध्ये तुलनेने गारवा आहे. कुठलाही जीवाश्म, कुठलाही आकडा वाचला की आधी विचारायचं, हा या चारांपैकी कुठल्या खणातला?

पायरी २ : थर्मामीटर कुठला वापरला ते शोधा

कोनोडोंट हे ईल माशासारखे लांबट, बिनकवचाचे समुद्री प्राणी. अंग कुजून जायचं, मागे राहायचे ते तोंडातले दातांसारखे भाग. १८५६ साली पांडर यांनी त्यांचं पहिलं वर्णन केलं, पण हे दात नेमके कोणाचे हे कोडं सुटायला एडिनबरोजवळ मऊ अंगाचा ठसा सापडावा लागला. तो निबंध आला १९८३ साली. सव्वाशे वर्षं लोक मालकाचा पत्ता नसलेले दात मोजत होते!

हे दात अ‍ॅपेटाइटचे, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचे असतात. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, सहज बदलत नाही. ऑक्सिजनच्या अणूंत साधा ऑक्सिजन-१६ आणि थोडा जड ऑक्सिजन-१८ अशी दोन मुख्य भावंडं. दात तयार होताना आजूबाजूचं पाणी गार असेल तर जड भावंडाचा वाटा जास्त, पाणी कोमट असेल तर कमी. हा वाटा 'डेल्टा ऑक्सिजन-१८' म्हणून प्रति सहस्र या एककात लिहितात. ध्यानात ठेवायचं ते एवढंच: आकडा उतरला की तापमान चढलं.

दात मिळवायची पद्धत कळली की आकड्याची किंमत कळते. चुनखडीचे तुकडे सौम्य अ‍ॅसिटिक किंवा फॉर्मिक आम्लात दिवसेंदिवस बुडवून ठेवतात. चुना विरघळतो, फॉस्फेट टिकतं. उरलेला गाळ बारीक चाळणीवर धुतात, वाळवतात, मग जड द्रवात सोडतात. हलके कण वर तरंगतात, दात तळाशी जातात. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ताटलीवर तो गाळ पसरायचा आणि ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने एकेक दात उचलायचा. बरेचसे दात मिलिमीटरभरही नसतात. कंगव्याचा मोडका तुकडा, एकच वाकडं सुळकं, खरबरीत पाठीची नावडी, असे त्यांचे आकार. किलोकिलो खडक विरघळवून हाती चार दात येणं किंवा एकही न येणं, दोन्ही शक्य असतं. म्हणून तक्त्यात प्रत्येक थरासाठी किती मोजमापं आहेत तो रकाना आधी बघा. एका मोजमापावर उभा असलेला कळस मी पेन्सिलीने लिहितो, शाईने नाही.

पायरी ३ : भाजलेले दात वेगळे काढा

खडक जमिनीत खोल गाडला गेला की तापतो, आणि दातात मूळ समुद्राचा ठसा उरलाय की नंतरच्या भट्टीचा, ही शंका येते. इथे कोनोडोंटांनी फार मोठी सोय करून ठेवली आहे: ते तापले की रंग बदलतात. न तापलेला दात फिकट पिवळट. मग तपकिरी, मग काळा, आणि त्याहूनही तापला तर राखाडी, पांढरा, शेवटी काचेसारखा. १९७७ साली अनिता हॅरिस आणि सहकाऱ्यांनी या रंगांना क्रमांक देऊन मोजपट्टी बनवली. तिच्यावर १ म्हणजे जवळजवळ कोरा दात, ५ म्हणजे ३०० अंशांच्या वर भाजलेला.

निबंधात हा रंग-क्रमांक शोधा. १ ते २ असेल तर निर्धास्त पुढे जा. ५ किंवा वर असेल तर आकडा वापरण्याआधी लेखकांनी दाताची आणखी काय तपासणी केली ते वाचा. क्रमांकच दिला नसेल तर तो निबंध माझ्या हिशेबात एक पायरी खाली उतरतो.

पायरी ४ : गणित स्वतः करून बघा

हा भाग टाळू नका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दाव्याचं खरं बळ नि खरी कमजोरी दोन्ही इथेच दिसतात.

पुसेआ आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दिलेलं समीकरण घेऊ:

तापमान = ११८.७ − ४.२२ × (दाताचा आकडा − पाण्याचा आकडा)

त्या काळच्या मोजमापांच्या पल्ल्यातले, पण हिशेबाला सोपे असे दोन आकडे धरू. उष्णतेच्या आधीचा दात २२, नंतरचा १९. ध्रुवांवर मोठे बर्फाचे थर नसतील तर समुद्राच्या पाण्याचा आकडा सर्वसाधारणपणे उणे १ धरतात.

आधी: २२ मधून उणे १ वजा केला की २३. त्याला ४.२२ ने गुणलं की ९७.०६. म्हणजे तापमान २१.६ अंश.

नंतर: १९ मधून उणे १ वजा केला की २०. गुणाकार ८४.४. म्हणजे तापमान ३४.३ अंश.

वाढ १२.७ अंशांची. पहिल्यांदा हे करताना मी उणे एक वजा करण्याऐवजी सरळ एक वजा केला होता आणि 'आधीचा' समुद्रच तीस अंशांचा निघाला. चिन्हाकडे लक्ष ठेवा.

आता तेच दात लेकुये आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या समीकरणात घाला. त्यात ११८.७ च्या जागी ११७.४ आणि ४.२२ च्या जागी ४.५० आहे. उत्तरं येतात १३.९ आणि २७.४. एकदम सात अंशांनी गार! मग कोण खोटं बोलतंय?

खोटं कोणी बोलत नाही. प्रयोगशाळा आपलं यंत्र जुळवायला एनबीएस-१२०सी नावाचा ठरावीक फॉस्फेटचा नमुना वापरतात. काही जण त्याचा आकडा २१.७ धरतात, काही २२.६. पुसेआ यांचं समीकरण २२.६ च्या मोजपट्टीसाठी आहे, लेकुये यांचं २१.७ च्या. एका मोजपट्टीवरचा दात दुसऱ्या समीकरणात घालणं म्हणजे फुटांत मोजलेली लांबी मीटर समजून वापरण्यासारखं. दोन्ही दातांमधून ०.९ कमी करून पुन्हा बघा: २१.१ आणि १८.१ वरून लेकुये यांच्या समीकरणाने १८ आणि ३१.५ अंश येतात. सात अंशांची तफावत तीन-चार अंशांवर आली.

आता वाढीकडे बघा. एका समीकरणाने १२.७, दुसऱ्याने १३.५. फरक एक अंशाचाही नाही. मला या सगळ्या लेखात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच: समुद्र 'किती अंशांवर' होता हा आकडा समीकरण बदललं की हलतो, 'किती अंशांनी' तापला हा फारसा हलत नाही. बातमी मात्र पहिल्याचीच होते.

पायरी ५ : पाण्याला प्रश्न विचारा

वरच्या गणितात आपण पाण्याचा आकडा उणे १ 'धरला' होता. तो खरंच तेवढा होता का? उणे १ ऐवजी शून्य धरला तर १९ चा दात ३४.३ ऐवजी ३८.५ अंश सांगतो. बाष्पीभवन जास्त असलेल्या खाऱ्या उपसागरात आकडा वर जातो, नदीचं किंवा पावसाचं गोडं पाणी मिसळलं की खाली येतो. म्हणजे नुसती पावसाची भर पडली तरी दात 'समुद्र तापला' असं सांगू शकतो.

यावर इलाज एकच, एकाहून जास्त ठिकाणं. एकाच खाडीतला आकडा खाली गेला असेल तर पावसावर संशय घ्या. एकमेकांपासून दूरच्या, वेगवेगळ्या खोलीच्या गाळांत आकडा एकाच वेळी तेवढाच खाली गेला असेल तर सगळीकडे सारखाच पाऊस पडला असं मानणं कठीण जातं.

खोलीचाही प्रश्न आहे. काही कोनोडोंट वरच्या पाण्यात राहत, काही खोल. निबंधाने प्रजातीनुसार आकडे वेगळे दिलेत का, ते बघा. थर बदलताना प्रजातीही बदलली असेल तर आपण तापमानाची वाढ मोजतोय की खोल पाण्यातून वरच्या पाण्यात आलोय, हे कळत नाही.

पायरी ६ : उष्णतेपासून मरणापर्यंतचा दुवा जोडा

तापमान वाढलं आणि जीव मेले, एवढ्यावर थांबणारा लेख अर्धवट समजा. मधली यंत्रणा कुठे आहे?

सुरुवात सायबेरियात. तिथे लाखो घन किलोमीटर लाव्हा वर आला आणि शिवाय शिलारस कोळसा, चुनखडी, क्षार यांच्या थरांत आडवा घुसला. लाव्हापेक्षा या घुसखोरीनेच जास्त वायू सोडला, असं मानायला बरीच कारणं आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड या काळात सुमारे सहापट झाला, असा अंदाज २०२१ मध्ये वनस्पतींच्या अवशेषांवरून मांडला गेला. नेमकी पट कमी-जास्त ठरली तरी दिशेबद्दल वाद नाही.

मग समुद्रात काय झालं? कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोड्या पाण्याचे आकडे सगळ्यांना तपासता येण्यासारखे आहेत: १० अंशांना लिटरमागे ११.३ मिलिग्रॅम, ३० ला ७.६, ४० ला ६.४. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. त्याच वेळी शीतरक्ताच्या प्राण्याची शरीरक्रिया दर दहा अंशांना साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने चालू लागते. पुरवठा आटतो आणि मागणी वाढते. प्राणी उकडून मरायच्या कितीतरी आधी गुदमरतो. म्हणून '४० अंशांना प्रथिनं बिघडतात' हे स्पष्टीकरण मला दुय्यम वाटतं. बहुतेकांचा खेळ त्याआधीच संपलेला असणार.

प्राणवायू नव्हता याचा पुरावा खडकात वेगळा शोधावा लागतो, तापमानावरून तो गृहीत धरायचा नाही. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे तुतीच्या फळासारखे दिसणारे सूक्ष्म गुच्छ हा त्यातला सोपा पुरावा. पाण्यातच विषारी हायड्रोजन सल्फाइड असेल तर हे गुच्छ वरच तयार होतात, मोठे व्हायच्या आत तळाशी पडतात, आणि जवळजवळ सगळे पाचेक मायक्रॉनपर्यंत, एकसारखे लहान राहतात. पाण्यात प्राणवायू असून फक्त चिखलात नसेल तर ते चिखलात सावकाश वाढतात, मोठे आणि आकाराने मिश्र होतात. तक्त्यात सरासरी व्यास आणि त्याची पसरण दोन्ही बघा. युरेनियमची समस्थानिकं, म्हणजे ऑक्सिजनसारखीच त्याची हलकी-जड भावंडं, हा दुसरा पुरावा. तो एका खाडीपुरता न राहता जागतिक समुद्राबद्दल सांगतो.

या साखळीतून एक अंदाज असा निघतो जो अंतर्ज्ञानाच्या उलटा आहे. २०१८ साली पेन, डॉइच आणि सहकाऱ्यांनी संगणकीय प्रारूपातून दाखवलं की नामशेष होण्याचं प्रमाण विषुववृत्तावर नव्हे, तर ध्रुवांकडे जास्त असायला हवं. उष्ण पट्ट्यातले प्राणी कोमट, कमी प्राणवायूच्या पाण्याला थोडेफार सरावलेले होते आणि त्यांना ध्रुवांकडे सरकायला जागा होती. थंड पाण्यातल्यांनी कुठे जायचं? जीवाश्मांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावरही तसाच कल दिसला.

पायरी ७ : जीवाश्म मोजताना पाय कुठे घसरतो

पॅलिओबायॉलॉजी डेटाबेस ही जीवाश्मांची ऑनलाइन नोंदवही सगळ्यांना मोफत खुली आहे. तिच्या नकाशात काळ आणि प्राणिगट निवडला की ठिपके दिसतात. पर्मियनचा शेवट आणि पूर्व ट्रायासिक असे दोन नकाशे काढून शेजारी ठेवा. ट्रायलोबाइट, रुगोस आणि टॅब्युलेट प्रवाळ, ब्लास्टॉइड हे दुसऱ्या नकाशात शोधून सापडणार नाहीत. किती समुद्री प्रजाती गेल्या? जुने अंदाज ९६ टक्क्यांपर्यंत जात, २०१६ साली स्टॅन्ली यांनी फेरहिशेबात सुमारे ८१ टक्के दिले. दोन्हींपैकी कुठलाही वापरा, पण कोणाचा ते लिहा.

अक्षांश नेहमी तेव्हाचा घ्या. आज ध्रुवीय प्रदेशात असलेलं स्पिट्सबर्गन तेव्हा मध्यम अक्षांशावर होतं, आणि दक्षिण चीन विषुववृत्ताच्या आसपास.

शेवटचा सापडलेला जीवाश्म म्हणजे शेवटचा प्राणी नव्हे. दुर्मिळ प्राण्याचा शेवटचा अवशेष खऱ्या अंतापेक्षा खालच्या थरात सापडण्याचीच शक्यता जास्त, म्हणून झटक्यात झालेला विनाशही खडकात सावकाश झाल्यासारखा दिसतो. सिग्नर आणि लिप्स यांनी हे १९८२ साली मांडलं.

आकाराबाबतही सावध राहा. महाविनाशानंतरचे गोगलगायी-शिंपले पुष्कळदा बारीक दिसतात, त्याला लिलिपुट इफेक्ट म्हणतात. पण मोठ्या प्रजाती मेल्या, की पिल्लंच मेली, की एकाच वंशाचा आकार घटला? की प्रवाहाने मोठे शिंपले दुसरीकडे वाहून नेले? चारही कारणांनी थर सारखाच दिसतो. एकाच वंशाचे प्रौढ नमुने मोजलेत का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्लॅराया या पातळ, चपट्या शिंपल्याची मात्र चंगळ होती. कमी प्राणवायूच्या चिखलावर थरच्या थर त्याने भरलेले दिसतात. संख्या अमाप, प्रकार थोडे. अशा ठिकाणी नग मोजले तर समुद्र भरभराटीत होता असं वाटेल, वंश मोजले तर खरं चित्र कळेल.

पायरी ८ : 'सावरला' म्हणजे कोण सावरलं?

पूर्ण सावरायला ८० लाख ते १ कोटी वर्षं लागली असं सर्रास लिहितात. हे कोणाला विचारता यावर आहे. अमोनॉइड, म्हणजे गुंडाळलेल्या शंखातले माकुळाचे नातलग, दहा-वीस लाख वर्षांतच पुन्हा बहरले, मग स्मिथियनच्या शेवटी परत आपटले, मग परत उठले. कोनोडोंटही तसेच चपळ. प्रवाळांच्या नव्या वंशाला मात्र मध्य ट्रायासिक उजाडावं लागलं. मधल्या काळात उथळ समुद्रात कित्येक ठिकाणी सूक्ष्मजीवांनी रचलेले चुन्याचे थरच होते. इक्थिओसॉर या माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरीसृपांच्या वंशाचे अवशेष स्पिट्सबर्गनमध्ये महाविनाशानंतर सुमारे २० लाख वर्षांच्या थरातच मिळाले, असं २०२३ साली प्रसिद्ध झालं. म्हणून 'सावरणं' हा शब्द दिसला की शेजारी गटाचं नाव लिहा, आणि वंशांची संख्या परतली की अन्नसाखळीची पूर्ण उतरंड, तेही.

उष्णता इतकी का रेंगाळली, हा प्रश्न अजून रंगात आहे. एरवी खडकांची झीज कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेते. जमिनीवरची जंगलं गेल्यामुळे हा पंप मंदावला, असं एक मत आहे. कोळशाचे थर सुमारे एक कोटी वर्षं कुठेच सापडत नाहीत, हे त्याच्याशी जुळतं.

आता सगळ्या पायऱ्या २०१२ च्या दाव्याला लावून बघू. मोठी तापमानवाढ: ठाम. दोन कळस: चांगला पुरावा. नेमके चाळीस: समीकरण आणि पाण्याच्या गृहीतकावर लोंबकळणारा आकडा. त्याच निबंधात आणखी एक विधान होतं, की उष्ण कळसांत विषुववृत्तीय समुद्रातून मासे जवळपास नाहीसे झाले. त्यावर पुढच्याच वर्षी गुडमाँ आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला. २०२३ साली दक्षिण चीनमध्येच गुईयांगजवळ २५ कोटी ८ लाख वर्षांपूर्वीचा समृद्ध जीवसमूह सापडल्याचं जाहीर झालं, त्यात मासेही आहेत. बातम्यांनी लगेच 'जुना सिद्धांत कोसळला' असं लिहिलं. पहिल्या पायरीतला कागद काढा आणि ठिपका टाका. तो डीनेरियनमध्ये पडतो, दोन कळसांच्या मधल्या गारव्यात.